डीएनएतला पॅलिंड्रोम उलटा वाचला तर तोच का येत नाही?

प्रश्न असा आला आहे: ‘ईकोआरआय हे विकर डीएनएला जी-ए-ए-टी-टी-सी या अक्षरांपाशी कापते आणि ती जागा पॅलिंड्रोम आहे, असे पुस्तकात दिले आहे. मी उलटे वाचले तर सी-टी-टी-ए-ए-जी आले. मग हा पॅलिंड्रोम कसला? आणि मराठीत याला विलोमपद म्हणायचे का?’

तुम्ही वाचले ते बरोबरच वाचले. घोटाळा उसन्या आणलेल्या शब्दाने केला आहे.

आपल्या ओळखीचे पॅलिंड्रोम म्हणजे ‘रामाला भाला मारा’, ‘टेप आणा आपटे’. अक्षरे शेवटाकडून उचलत या, वाक्य तेच. ग्रीकमध्ये पालिन म्हणजे परत आणि द्रोमोस म्हणजे धाव. ओळ एकच, आणि गेलात त्याच वाटेने परत यायचे.

डीएनएत मात्र ओळी दोन असतात, आणि ए, टी, जी, सी ही अक्षरे म्हणजे त्यांत ओवलेल्या चार घटकांची खुणेची नावे. दोन पेड एकमेकांभोवती वळलेले, ए-समोर टी, जी-समोर सी, आणि दोघांची वाचायची दिशा उलटी. कागदावर लिहूनच बघा:

वरचा पेड, डावीकडून उजवीकडे: जी ए ए टी टी सी
त्याखालचा, समोरासमोर लिहिलेला: सी टी टी ए ए जी

आता खालचा पेड त्याच्या स्वतःच्या दिशेने, म्हणजे उजवीकडून वाचा. जी ए ए टी टी सी! परतीची धाव आहेच, फक्त ती समोरच्या पेडावरून आहे. ईकोआरआयचे दोन सारखे भाग असतात. प्रत्येक भाग एकेका पेडावर जी आणि ए यांच्यामध्ये काप घेतो. दोघांनाही आपापल्या पेडावर तोच मजकूर दिसतो, म्हणून त्या जागेला पॅलिंड्रोम म्हणायची पद्धत पडली.

इथपर्यंत ही नुसती शब्दांची कुरबुर वाटेल. पण डीएनएचा नेहमीचा उजवीकडे फिरणारा पीळ मोडून तिथे भलतीच घडण तयार होते तेव्हा ती कोणती असेल, हे बरेचसे याच फरकावर ठरते.

जी-ए-सी-टी-जी, मग चार टी, मग सी-ए-जी-टी-सी असा एक पेड घ्या आणि मधोमध दुमडा. पहिल्या जी-समोर शेवटचा सी येतो, ए-समोर टी, सी-समोर जी; पाचही जोड्या जमतात आणि चार टी वळणावर सुटे राहतात. ही झाली डीएनएतली हेअरपिन. समोरच्या पेडानेही तसेच केले की दोन्ही बाजूंना दांड्या बाहेर पडतात आणि क्रूसासारखी आकृती होते. त्यासाठी आधी मूळ जोड्या उसवाव्या लागतात, आणि ते काम डीएनएचा पीळ सैल असला की सोपे जाते. ईकोआरआयची सहा अक्षरे मात्र यासाठी फारच तोकडी. वळायलाच तीन-चार अक्षरे खर्ची पडतात, मग जोडीला उरते काय?

उलट, अगदी ‘रामाला भाला मारा’च्या चालीवरचा तुकडा घ्या: जी-ए-ए-जी-ए-ए-जी. मागून पुढून तोच. दुमडून बघा, जी-समोर जी, ए-समोर ए. एकही जोडी नाही. हेअरपिन नाहीच. पण अशी आरशातली रांग लांब असेल आणि एका पेडावर सगळे ए आणि जीच असतील, तर दुसरेच घडते. निम्म्या भागातले पेड सुटतात आणि त्यांतला एक मागे वळून उरलेल्या दुहेरी भागाच्या मोठ्या खाचेत (पिळाच्या बाजूने दोन खाचा जातात, त्यांतली रुंद) जाऊन बसतो. तीनपेडी वेणी! हिला एच-डीएनए म्हणतात. फ्रीड्राइक अटॅक्सिया या आजारात जी-ए-ए ही तीन अक्षरे एका जनुकात शेकडो वेळा लागोपाठ येतात, आणि अशा रांगेत तीनपेडी घडण होऊ शकते.

म्हणजे वाचकाच्या अर्थाने जो पॅलिंड्रोम, तो हेअरपिनच्या कामाचा नाही, आणि जीवशास्त्रातला पॅलिंड्रोम वाचकाच्या कसोटीला उतरत नाही.

‘चिमा काय कामाची’ हे वाक्य आपण पॅलिंड्रोम म्हणून खुशाल खपवतो, पण पहिला चि ऱ्हस्व आणि शेवटचा ची दीर्घ आहे. डीएनएही असा काणाडोळा करतो. सी-ए-जी, सी-ए-जी अशी रांग दुमडली तर सी-जीच्या जोड्या जमतात आणि ए-समोर ए तसाच बेजोड राहतो, तरी हेअरपिन टिकते. हंटिंग्टनच्या आजारामागे याच तीन अक्षरांची, सहसा ४० किंवा त्याहून अधिक वेळा आलेली रांग असते.

सगळ्याच वेगळ्या घडणी उलट-सुलटावर ठरत नाहीत, हेही सांगून टाकतो. सी-जी-सी-जी अशी आलटूनपालटून अक्षरे आली की पीळ डावीकडे फिरू शकतो. हा झेड-डीएनए १९७९ मध्ये अलेक्झांडर रिच यांच्या गटाने स्फटिकात पाहिला. जी-चे झुपके जवळजवळ आले तर चौपेडी घडणही होते.

आता विलोमपद. लोम म्हणजे केस. विलोम म्हणजे केस ज्या अंगाला वळलेले, त्याच्या उलट. शब्दात ‘उलट’ आहे, ‘उलटूनही तेच’ नाही. संस्कृतातल्या विलोमकाव्यात तर ओळ सुलट वाचली की एक कथा आणि उलट वाचली की दुसरीच, असाही प्रकार आहे. शब्दकोड्यासाठी विलोमपद चालेल. डीएनएसाठी मी ‘पूरक विलोम’ म्हणेन, कारण समोरचा पेड त्यात आपोआप येतो. जी-ए-ए-जी-ए-ए-जी सारख्या रांगेला ‘आरसा-पुनरावृत्ती’ पुरे.

हेअरपिनला ‘केशसूची’ वगैरे घडवत बसू नये. केसात खोचतात तो आकडा, घरातला शब्द. क्रूसाकृतीलाही, चार वाटा एका जागी मिळतात म्हणून, ‘चौफुली’ मला फार आवडेल. आकड्याची अडचण एकच: ‘या तुकड्यात पाच आकडे सापडले’ असे लिहिले, की वाचणारा बेरीज करायला बसतो.