काळा कॅटॅलिस्ट पांढरा झाला, पण चालेना

प्रश्न : आमचा कुपवाडला छोटा पायरोलिसिस (हवेशिवाय प्लॅस्टिक तापवून तेल काढण्याचा) प्लँट आहे. दुधाच्या पिशव्या, वेफर्सची पाकिटे, जुने फ्लेक्स असा मिसळ माल येतो. नवा झिओलाइट (बारीक छिद्रांचे खनिज) कॅटॅलिस्ट, म्हणजे प्लॅस्टिक तोडायला मदत करणारा पदार्थ, टाकला की तेल पातळ येते, पण पुढे दर बॅचला मेण वाढते. काळा पडला म्हणून भट्टीत भाजला. पांढरा झाला, तरी फरक नाही. ॲसिडने धुऊन चालेल का?
— एक वाचक, जि. सांगली

उत्तर : ॲसिडने अजिबात धुऊ नका. त्याचे नुकसान बहुधा ॲसिडनेच झाले आहे.

काळेपणा म्हणजे कोक. प्लॅस्टिकच्या लांब साखळ्या तुटताना थोडा कार्बन झिओलाइटच्या छिद्रांत साचतो. हा आजार बरा होतो. मी रिफायनरीत २२ वर्षे काढली. तिथल्या, जड तेल तोडून हलके करणाऱ्या क्रॅकिंग युनिटमध्ये कॅटॅलिस्ट तेलाला काही सेकंदच भेटतो, काळा होतो, ७०० अंशांच्या आसपास हवेत भाजून निघतो आणि पुन्हा कामाला लागतो. हे रात्रंदिवस चालते. तुमचा भाजूनही उठला नाही, म्हणजे दुखणे कोकच्या पलीकडचे आहे. (तुमच्या भट्टीत मात्र ५५० च्या वर जाऊ देऊ नका आणि हवा हळूहळू सोडा, कोक भडकला तर झिओलाइटची जाळीच कोसळते.)

माझा संशय फ्लेक्सवर आहे. फ्लेक्स म्हणजे पॉलिएस्टरच्या जाळीवर पीव्हीसीचा थर, आणि शुद्ध पीव्हीसीच्या वजनात ५७ टक्के क्लोरीन. ३०० अंशांच्या सुमारास १ किलो पीव्हीसीतून जवळपास ५८० ग्रॅम हायड्रोक्लोरिक ॲसिडची वाफ सुटते. झिओलाइट काम करतो तो त्यातल्या ॲल्युमिनियमच्या जोरावर, आणि ही वाफ नेमके तेच ओढून काढते. मग कितीही भाजा. फ्लेक्समधली खडूची पूडही कॅटॅलिस्टवर बसते आणि भाजून जात नाही.

निवृत्तीनंतर मी एका ट्रायल प्लँटला सल्ला द्यायला जायचे. निवडणुकीनंतर तिथे असाच माल आला. चौथ्या बॅचला कंडेन्सरची (वाफ थंड करून तेल करणाऱ्या भागाची) नळी उघडली, तर आत बोटाला लागतील एवढे खड्डे पडलेले. आजही माल पाहताना मी आधी तांब्याची तार काढते.

तुम्हीही काढा. तार पकडीत धरून गॅसवर लाल करा, ज्योतीतला हिरवा रंग जाईपर्यंत. तापलेली तार प्लॅस्टिकला टेकवा, कणभर चिकटू द्या आणि परत ज्योतीत धरा. हिरवीगार ज्योत उठली तर क्लोरीन आहे. हे उघड्यावर करा, धूर नाकात जाऊ देऊ नका. फ्लेक्स, रेक्झिन, पीव्हीसी वायरचे आवरण हिरवे दाखवतील. दुधाची पिशवी नाही. पोते मोठे असेल तर तुकडे पाण्यात टाका : पिशव्या तरंगतात, फ्लेक्स बुडतो.

नवा कॅटॅलिस्ट वितळत्या प्लॅस्टिकमध्ये मिसळू नका. वाफेच्या वाटेवर वेगळ्या भांड्यात ठेवा आणि त्याच्या आधी चुन्याचा थर द्या. पण चुना थोडेफारच सांभाळेल; फ्लेक्स गेटवरच वेगळा काढायला हवा. आठवडाभर प्रत्येक पोत्याला तार लावा आणि हिरवी ज्योत कुणाच्या मालाला आली ते मला कळवा.