घरी जपानी त्सुकुने करताना चिकनचे गोळे तव्यावर फुटतात, काय चुकतंय?

तुम्ही लिहिलंय की अंडं, ब्रेडचा चुरा सगळं घालूनही गोळे सुटतात. माझ्या मते चूक मळण्यात आहे. 'त्सुकुनेरु' म्हणजे हाताने मळून आकार देणं, पदार्थाचं नावच त्यावरून पडलंय. आपण मात्र खिमा, कांदा, मीठ एकदम कालवतो आणि कबाबासारखं थापून मोकळे होतो. टोकियोत निशिकासाईला राहायला आल्यावर मीही तेच केलं होतं. त्या रात्री आम्ही त्सुकुनेची भुर्जी खाल्ली.

खिमा मांडीचाच घ्या, छातीचा कोरडा होतो. इथे सुपरमार्केटात मांडीचा खिमा तयार मिळतो, भारतात चिकनवाल्याला लेग बोनलेस काढून खिमा करून द्यायला सांगा. आपल्याकडे कातडी काढलेली असते, म्हणून चमचाभर तेल घाला. खिमा करून आणल्यावर धुऊ नका, पाणी राहिलं की गेलंच सगळं.

अर्ध्या किलोला सपाट चमचाभर, म्हणजे ५ ग्रॅम मीठ. खिमा फ्रीजमधून काढल्या काढल्या फक्त मीठ घालून मळायला घ्या. बोटं गारठतात, पण गार असतानाच मळायचं. मिठाने मांसातली प्रथिनं सुटतात आणि तीच गोळा धरून ठेवतात. तीन-चार मिनिटांत रंग फिकट होतो, खिमा भांडं सोडून हाताला चिकटायला लागतो. मूठभर घेऊन तळहात उलटा करा. पडला नाही तर झालं. मग किसलेलं आलं, बारीक चिरलेली कांद्याची पात आणि दोन चमचे कॉर्नफ्लोअर (इथे बटाट्याचा स्टार्च वापरतात). साधा कांदा घालायचाच असेल तर घट्ट पिळून. अर्धा तास परत फ्रीजमध्ये.

तेलाच्या हाताने गोळे करा. मला सोपं पडतं ते असं: डाव्या मुठीत खिमा दाबायचा, अंगठा आणि तर्जनीमधून वर आलेला गोळा ओल्या चमच्याने उचलायचा. गोळे ओवायला बांबूच्या काड्या हव्याच असं नाही, थेट निखाऱ्यांवर भाजणार असाल तर अर्धा तास भिजवून घ्या.

याकितोरीच्या (काडीवर भाजलेल्या चिकनच्या) दुकानात बिनचोतान कोळसा असतो, धूर जवळजवळ नाही आणि आच भरपूर. घरी बिडाचा तवा पुरतो. मध्यम आचेवर एक बाजू तीन-चार मिनिटं, उलटून चमचाभर पाणी, वर झाकण, आणखी चार मिनिटं. आतून गुलाबी राहता कामा नये.

सॉसला 'तारे' म्हणतात. सोया सॉस आणि मिरिन (स्वयंपाकातली गोड तांदळाची दारू) प्रत्येकी चार चमचे, साके (तांदळाची दारू) दोन, साखर एक. मिरिन-साके नसेल तर सोया सॉसमध्ये साखर दोन चमचे आणि थोडं पाणी. चमच्याच्या पाठीला चिकटेपर्यंतच आटवा, एकतारी पाकापर्यंत नेलंत तर गार होऊन चिक्की होईल. गोळे शिजल्यावरच ओता, आधी घातला तर साखर करपते.

त्सुकुनेच्या फोटोंत शेजारी अंड्याचा कच्चा बलक दिसतो, तो भारतात टाळा. जपानमध्ये अंड्यावरची तारीखच कच्चं खाण्यासाठीची असते, आपल्याकडे तसं नाही. त्याऐवजी वरून लिंबू पिळा, मला तर तेच जास्त आवडतं.