ओढणी फाट्यावरच डोक्यावर येते

"मॅडम, पाठ सगळं होतंय, पण पेपरात हात चालंना गेलाय."

एम.ए. समाजशास्त्राच्या पहिल्या वर्षातली मुलगी अंबाजोगाईत समुपदेशनासाठी माझ्यासमोर बसली होती. अभिजात विचारवंतांच्या एकाच पेपरात ती नापास झाली होती. झोप उडालेली, दोन महिने गावाकडं पाऊल टाकलेलं नाही. खाली बघत ती पुढं म्हणाली, "दीडशे वर्षांमागच्या जर्मनीतल्या माणसाचं मला काय करायचंय? माझी माय तिकडं कारखान्यावर मोळ्या बांधायलीय."

मार्क्स, दुर्खीम, वेबर हे समाजशास्त्राचे अभिजात विचारवंत वाचून रोजच्या जगण्यात काय फरक पडतो, हे मला दरवर्षी कुणी ना कुणी विचारतं. तिच्या परवानगीनं, ओळखीच्या खुणा बदलून, ही हकिकत लिहितेय.

तिची वही मी पाहिली. 'सामाजिक तथ्य' या शब्दाखाली लाल पेनानं तीन रेघा आणि पुढं 'बाह्यता, बंधनकारकता'. मी वही मिटायला लावली आणि गावाला कशी जातेस ते सांग म्हटलं. एसटी, मग फाटा, मग दोन किलोमीटर चालत. "फाट्यावर उतरायच्या आधी ओढणी डोक्यावर घेते."

"कोण सांगतं?"

"कुणीच नाही."

"आणि नाही घेतली तर?"

ती जरा वेळ गप्प बसली. "मला कुणी काही म्हणणार नाही. दुकानापाशी बसलेले बघतील. मायला ऐकावं लागंल."

तिनं आपणहून वही उघडली आणि 'बंधनकारकता'च्या पुढं 'फाटा' असं लिहिलं. माणसाच्या बाहेर असलेलं आणि तरी त्याचा हात हलवणारं असं जे 'सामाजिक तथ्य' असतं, त्याचा अभ्यास हेच समाजशास्त्राचं काम आहे, असं दुर्खीमनं १८९५ साली मांडलं होतं. तिचा हात तर कितीतरी वर्षं हलत होता.

पुढच्या भेटीत लक्षात आलं की वहीत एका प्रकरणाची पानं कोरी आहेत. दुर्खीमचा आत्महत्येवरचा १८९७ चा अभ्यास. परीक्षेत त्यावर प्रश्न हमखास येतो आणि एवढी पाठांतर करणारी पोर तोच सोडून देते. मी सरळ विचारलं. तिचा चुलता सहा वर्षांपूर्वी गेला होता. गावानं तेव्हा म्हटलं होतं, दारू प्यायचा, हिंमत नव्हती. घरात तर त्याचं नावच निघत नाही.

तिच्या स्वतःच्या मनात तसे विचार येतात का, हे मी आधी स्पष्ट विचारून घेतलं. येत नव्हते. (कुणाच्या मनात येत असतील तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक आहे, लगेच फोन करावा.) मग आम्ही ते प्रकरण सोबत वाचलं. दुर्खीमला प्रश्न पडला होता तो साधा आहे. प्रत्येकाचं दुःख वेगळं, मग एखाद्या समूहातलं आत्महत्यांचं प्रमाण वर्षानुवर्षं जवळपास तेवढंच का राहतं? प्रोटेस्टंटांत कॅथलिकांपेक्षा जास्त, अविवाहितांत विवाहितांपेक्षा जास्त, हे का? म्हणजे माणसाच्या हिमतीपलीकडंही काही शोधावं लागतं. माणसं एकमेकांत किती गुंतलेली आहेत आणि जगण्याचे नियम अचानक कोलमडले आहेत का, हे त्यानं पाहिलं आणि त्यावरून आत्महत्यांचे प्रकार पाडले. मंदीतही हे प्रमाण वाढतं आणि एकाएकी आलेल्या भरभराटीतही, असं त्याचं म्हणणं.

तिचा पहिला प्रश्न विद्यार्थ्याचाच होता. "म्हणजे माझा चुलता कोणत्या प्रकारात बसतो?"

तिथं मी तिला थांबवलं. दुर्खीम समूहाच्या प्रमाणाबद्दल बोलतो, एका माणसाच्या मनाबद्दल नाही. त्याच्या प्रकारांचे डबे करून आपलं माणूस त्यात कोंबायचं नसतं. एवढं मात्र झालं की 'हिंमत नव्हती' हे एकच वाक्य जे तिनं सहा वर्षं खरं धरलं होतं, त्याच्या शेजारी पाऊस, भाव, कर्ज आणि गावाचं त्याच्याशी तुटलेलं बोलणं उभं राहिलं. त्या दिवशी ती रडली. मी मध्ये बोलले नाही.

रडता रडता एक राग बाहेर आला. आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या घराला मिळणाऱ्या शासनाच्या एक लाखाच्या मदतीसाठी चुलतीनं अर्ज केला होता. कर्ज खासगी सावकाराचं, कागद नाही. फाइलवर शेरा आला, 'अपात्र'. खिडकीमागच्या माणसानं मान वर करूनही बघितलं नाही, हे तिच्या डोळ्यासमोर अजून होतं. वेबर मी इथून सुरू केला. तोंड न बघता नियमानं काम करणं, ही नोकरशाहीची खूण तो सांगतो. त्याच नियमामुळं पाटलाच्या पोराला आणि सालगड्याच्या पोराला एकच अर्ज भरावा लागतो, आणि त्याच नियमात चुलतीचं दुःख कुठल्याच रकान्यात मावत नाही. दोन्ही खरं आहे. वेबरबद्दल आणखी एक गोष्ट मी तिला मुद्दाम सांगितली. १८९७ मध्ये वडिलांशी मोठं भांडण झालं, काही आठवड्यांतच वडील गेले आणि हा माणूस कोसळला. कित्येक वर्षं त्याला धड शिकवता येईना, १९०३ साली त्यानं प्राध्यापकी सोडली. भांडवलशाही आणि प्रोटेस्टंट नीतीवरचं त्याचं गाजलेलं लेखन १९०४-०५ चं, म्हणजे त्यानंतरचं. नापास झाल्यापासून आपल्या डोक्यातच कमी आहे असं धरून बसलेल्या मुलीला हे कळायला हवं होतं.

मार्क्सला मात्र तीच भिडली. १८६७ च्या 'भांडवल'मध्ये तो म्हणतो, कामगार दोन अर्थांनी मोकळा असतो. आपलं श्रम कुणालाही विकायला मोकळा, आणि उत्पादनाचं साधन हातात नसल्यानं तसाही मोकळाच. ती म्हणाली, "मॅडम, हे आमच्यात बसत नाही. ऊसतोडीसाठी आगाऊ पैशाची उचल घेतली की टोळीचा मुकादम सोडत नाही. फिटली नाही तर पुढच्या सालीबी त्याच टोळीत." तिनं घरून हिशेबाची वही आणली होती, शाळेची चाळीस पानी. त्यात बापाचं नाव आणि पुढं 'कोयता १'. एक कोयता म्हणजे नवरा-बायको मिळून. आईचं नाव अख्ख्या वहीत कुठंच नव्हतं. सिद्धांत कुठं बसतो यापेक्षा तो कुठं अडतो हे तिनं पकडलं, आणि माझ्या मते खरा अभ्यास तिथून सुरू होतो. 'भांडवल'वरचं उत्तर असं लिही, असं मी तिला सांगितलं.

परक्या मुलखातल्या विचारांचं काय, ही तिची मूळची खंत राहिलीच होती. १९१६ साली कोलंबिया विद्यापीठात पंचविशीतले बाबासाहेब भारतातल्या जातींवर निबंध वाचत होते. खालचे वरच्यांचं अनुकरण करतात, हा गॅब्रिएल तार्द या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाचा विचार घेऊन त्यांनी जातीबाहेर लग्न न करण्याची रीत कशी पसरली, हे उलगडलं. विचार फ्रान्समधला, प्रश्न आपला. त्याच बाबासाहेबांनी १९५० मध्ये औरंगाबादेत मिलिंद महाविद्यालय काढलं, आणि मराठवाड्यातल्या घरात पहिल्यांदा कॉलेजात जाणाऱ्या किती पिढ्या तिथून शिकल्या.

अभ्यासाची रीत आम्ही एवढीच ठरवली. डाव्या पानावर विचारवंताला पडलेला प्रश्न, उजव्या पानावर गावातली एक घडलेली गोष्ट, आणि खाली 'इथं जुळत नाही' म्हणून मोकळी जागा. पाठांतर त्यानंतर. झोपेची वेळ आणि मेसचं जेवण यांवरही तितकंच काम केलं, कारण उपाशी पोटी मार्क्सही कळत नाही. उन्हाळ्यात तिचा पेपर निघाला. मार्क बेताचेच पडले.

ओढणीचं तिनं काय केलं, हे मी विचारलं नाही. तो तिचा निर्णय.

मागच्या महिन्यात ती चुलतीला घेऊन आली. सहा वर्षं झोप लागत नाही, उजाडायच्या आधी छातीत धडधडतं, असं ती माउली सांगत होती. मी दुर्खीमचं नाव काढलं नाही. चुलती तिचं तिचं सांगत राहिली, आणि शेजारी पुतणी पदराचं टोक हातात धरून मध्ये न बोलता ऐकत होती.