काय दाखवले आहे ते पाहा

प्रिय मुली,

प्रभूमध्ये सलाम.

तुझ्या पत्रात प्रश्न एकच असला तरी मला त्यात दोन दिसले. ख्रिस्ती प्रेमकथा वाचणे योग्य की अयोग्य, हा प्रश्न तू चर्चच्या तरुण संघातल्या चर्चेनंतर विचारला आहेस. पण अगदी शेवटी, आलेल्या स्थळाविषयी लिहिताना, "मुलगा चांगला आहे, पण पुस्तकात वाटते तसे काही वाटले नाही" असे एक वाक्य तू जाता जाता टाकले आहेस, आणि सगळे पत्र त्या वाक्यासाठीच लिहिले गेले आहे असे मी धरून चालते.

पहिल्या प्रश्नाला मी फार जागा देणार नाही. ज्या पवित्र शास्त्रात गीतरत्न या प्रेमगीताचे आठ अध्याय आहेत आणि ज्यात रूथ रात्रीच्या वेळी खळ्यात जाऊन बवाजाच्या पायाशी निजते, ते शास्त्र हातात धरून कोणी तुला प्रेमकथाच वाचू नकोस असे सांगत असेल, तर त्याने रूथचा तिसरा अध्याय पुन्हा वाचावा. अंधारात, कोणी पाहत नसताना, एक गरीब परदेशी विधवा पायाशी आलेली असताना तो सधन माणूस काय करतो? जवळचा आप्त दुसरा आहे, तुझ्याशी लग्न करण्याचा हक्क आधी त्याचा आहे, हे तो तिला स्पष्ट सांगतो, तिची अब्रू जाऊ नये म्हणून उजाडण्यापूर्वी तिला पाठवतो, आणि पाठवताना तिच्या ओच्यात सहा मापे जव घालतो. मला जे सांगायचे आहे ते सगळे त्या खळ्यात आहे.

सांगायचे ते एवढेच: पुस्तकात काय वगळले आहे ते मोजत बसू नकोस, काय दाखवले आहे ते पाहा.

तुझ्या संघातले जे या कादंबऱ्यांच्या बाजूने बोलले आणि जे विरुद्ध बोलले, ते दोघेही वगळलेल्याच गोष्टी मोजत होते असे तुझ्या लिहिण्यावरून दिसते. बाजूचे म्हणाले की यात काही वाईट नसते. विरुद्धचे म्हणाले की यात खरे आयुष्य नसते. या पुस्तकांचा व्यवसायही पुष्कळसा 'नको'च्या नियमांवरच चालत आला आहे: शिवी नको, दारू नको, लग्नाआधी फार जवळीक नको, आणि लग्नानंतरही खोलीचे दार वाचकासमोर बंद झालेले बरे. १९९७ साली हार्लेक्विन या प्रेमकथांच्या प्रकाशनसंस्थेने 'लव्ह इन्स्पायर्ड' ही ख्रिस्ती मालिका सुरू केली तेव्हापासून तर अशी पुस्तके दर महिन्याला येतात, आणि आता तुझ्या फोनवर ती एका बोटाच्या अंतरावर आहेत. नियम वाईट नाहीत. पण नियम पाळले म्हणून पुस्तक चांगले झाले असे होत नाही. एकही चुंबन नसलेल्या कादंबऱ्या मी वाचल्या आहेत ज्यांत नायक नायिकेच्या वतीने सगळे निर्णय घेतो, तिचे काम सोडायला लावतो, तिच्या 'नाही'ला कधीच 'नाही' समजत नाही, आणि शेवटी दोघे मिळून देवाचे आभार मानतात. अशी पुस्तके कोणाच्याही आक्षेपाविना घरोघर फिरतात आणि आया ती मुलींच्या हाती निर्धास्तपणे देतात. माझा राग त्या पुस्तकांवर आहे.

आता तुला आवडलेले पुस्तक घे. जॅनेट ओक या कॅनडातल्या बाईंची 'लव्ह कम्स सॉफ्टली' १९७९ साली बेथनी हाउसने छापली, आणि आज ज्याला आपण ख्रिस्ती प्रेमकथा म्हणतो त्या प्रकाराची मोठी वाट तिथून रुंद झाली. तू लिहिले आहेस की क्लार्कसारखा नवरा मिळाला पाहिजे. क्लार्कमध्ये तू काय पाहिलेस, हे मात्र लिहिले नाहीस, आणि मला तेच हवे होते. मार्टीचा नवरा अपघातात गेला आहे, पोटात त्याचे मूल आहे, ओळखीचे कोणी नाही, हिवाळा तोंडावर आहे. ज्या दिवशी तिने नवऱ्याला पुरले त्याच दिवशी हा विधुर येऊन सांगतो की माझ्या लहान मुलीला आई हवी आहे, तुला आसरा हवा आहे, आणि वसंतात पूर्वेकडे जाणाऱ्या गाड्यांबरोबर तुला परतायचे असेल तर मी तुझी सोय करीन. लग्न लागते. कायद्याने, रिवाजाने, त्या काळच्या प्रत्येक शेजाऱ्याच्या समजुतीने त्या घरावर आणि त्या बाईवर त्याचा हक्क आहे, आणि तो आपले अंथरूण उचलून घराला लागून असलेल्या पडवीत जातो. तिला स्वयंपाक येत नाही. पॅनकेकपलीकडे तिची मजल जात नाही, आणि तो समोर येईल ते मुकाट्याने खातो. सकाळी न्याहारीच्या वेळी तो पवित्र शास्त्र उघडून वाचतो आणि प्रार्थना करतो, पण तिने विश्वास ठेवावा म्हणून तिच्या मागे लागत नाही. त्याच्याकडे फुले नाहीत, गोड बोलणे तर त्याहून नाही. पुस्तकाचा पहिला बराच भाग त्या दोघांमध्ये तुझ्या अर्थाने 'काही वाटत' नाही. मग तुला आवडले ते काय? पडवीच आवडली ना? मग तसे म्हण.

ग्रेस लिव्हिंग्स्टन हिल या बाईंविषयीही एक गोष्ट सांगते, कारण तुझ्या संघातल्या त्या भावाने "हे सगळे स्वप्नरंजन आहे" असे म्हटले म्हणून तू गप्प बसलीस. या बाई १८६५ ते १९४७ या काळात होऊन गेल्या आणि त्यांनी शंभराहून अधिक पुस्तके लिहिली. त्यांचे पहिले पती चर्चचे पाळक होते. ते १८९९ साली वारले आणि दोन लहान मुलींचा सांभाळ लेखणीवर आला. पुढे केलेले दुसरे लग्न टिकले नाही. हे माहीत झाल्यावर त्यांची 'द एन्चान्टेड बार्न' ही १९१८ सालची कादंबरी वाचून पाहा. टायपिंगची नोकरी करणारी मुलगी, आजारी आई, लहान भावंडे, राहते घर सोडावे लागणार, आणि ही मुलगी गावाबाहेरचे एक जुने दगडी कोठार भाड्याने मागायला मालकाकडे जाते. प्रेम येते ते नंतर. ज्या बाईने भाडे, औषध आणि मुलींची शाळा यांचा हिशेब एकटीने केला, तिने पुस्तकात नोकरी, भाडे आणि आजार दाखवले आहेत. शेवट गोड आहे म्हणून त्याला स्वप्नरंजन म्हणून सोडून देणाऱ्याने पुस्तक शेवटाकडूनच वाचले असले पाहिजे.

आता आमच्या पुस्तकांच्या कपाटाचा विषय, कारण तो तू काढला आहेस. होय, 'रिडीमिंग लव्ह' मी काढून टाकावे अशी मागणी झाली होती. ज्यांनी केली त्यांचे नाव मी घेणार नाही. ती व्यक्ती आजही आपल्याबरोबर उपासनेला बसते आणि माझे तिच्याशी वैर नाही. फ्रान्सीन रिव्हर्स आधी साध्या ऐतिहासिक प्रेमकथा लिहीत असत. विश्वासात आल्यानंतर त्यांनी पवित्र शास्त्रातला होशेय संदेष्टा आणि त्याची व्यभिचारी बायको गोमर यांची कथा कॅलिफोर्नियातल्या सोन्याच्या खाणींच्या काळात नेऊन ही कादंबरी लिहिली. ती १९९१ साली आली. नायिका लहानपणीच वेश्याव्यवसायात विकली गेलेली आहे, आणि ते पुस्तक लपवत नाही. आक्षेप तेवढ्यावरच होता. मी विचारले, होशेयाचे पुस्तकही काढून टाकायचे का? त्यावर मला हट्टी म्हटले गेले, आणि कपाटाची किल्ली मी स्वतःजवळ ठेवते ती माझ्याच मतांसाठी, असेही म्हटले गेले. माझी मते आहेत म्हणूनच ते काम मी इतकी वर्षे केले. ज्याला पुस्तकांविषयी मत नाही त्याने किल्ली घेऊ नये.

पण त्या पुस्तकाविषयी माझी जी अडचण आहे ती कोणीच मांडली नाही, म्हणून ती तुझ्यापुढे मांडते. नायक मायकल नायिकेशी लग्न करतो ते ती मारहाणीने अर्धमेली, धड शुद्धीवर नसताना. तिच्या तोंडून निघालेल्या त्या थकलेल्या होकाराला होकार म्हणायचे का, हे प्रत्येक मुलीने ते पान वाचताना स्वतःला विचारावे. आणि मग शेवटपर्यंत वाचावे, कारण आधी तिला पुन्हा पुन्हा परत आणणारा तोच माणूस शेवटच्या वेळी तिच्या मागे जात नाही. ती आपली आपण उभी राहते, इतर मुलींसाठी काम उभे करते, आणि काही वर्षांनी स्वतःच्या पायांनी, स्वतःच्या मनाने परत येते. म्हणजे एकाच पुस्तकात मला खटकणारी गोष्टही दाखवली आहे आणि तिचे उत्तरही. वगळलेले मोजणाऱ्याला या दोन्हींपैकी एकही दिसत नाही. त्याला फक्त वेश्यागृह दिसते.

कॅथरीन मार्शल यांच्या 'ख्रिस्टी'लाही हेच लागू आहे. १९६७ सालच्या या कादंबरीत लेखिकेच्या आईचे अनुभव आहेत: १९१२ साली टेनेसीच्या डोंगरांत मिशनच्या शाळेवर शिकवायला गेलेली एकोणीस वर्षांची मुलगी. त्यात विषमज्वर आहे, चोरून गाळलेली दारू आहे, घराण्यांची खुनशी वैरे आहेत, आणि अंगाला दुर्गंधी येणारी पोरे आहेत. ख्रिस्ती कादंबऱ्यांसाठी १९९९ साली सुरू झालेल्या पुरस्काराला याच पुस्तकाचे नाव दिले आहे. त्या मुलीला एक पाळक आणि एक डॉक्टर यांच्यामधून निवड करायची असते. ती निवड कशी होते ते मी सांगत नाही, पण दोघे आजाऱ्याच्या खाटेपाशी कसे वागतात तेवढे पाहत जा.

तू म्हणशील, ही सगळी अमेरिकेतली माणसे, आमचे नगर-पुण्याचे काय? याचे दुःख मला तुझ्याहून जुने आहे. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून जिचे नाव घेतात ती 'यमुनापर्यटन' बाबा पदमनजींनी, एका ख्रिस्ती माणसाने, १८५७ साली लिहिली, आणि तिच्यात विधवा यमुनेचे पुन्हा लग्न होते. इतकी मोठी सुरुवात हाताशी असताना, मिशनच्या दवाखान्यातली परिचारिका, बोर्डिंगमधला मास्तर, नाताळच्या फराळाला एकत्र आलेली दोन घरे, यांच्यावर मला हवी तशी प्रेमकथा माझ्या वाचनात आली नाही, आणि ती आपण लिहावी असे मला वर्षानुवर्षे वाटत राहिले. लिहिली नाही. शाळा होती, सासूबाईंचे अंथरुणाला खिळणे होते, आणि रात्री उरलेल्या वेळात मी इतरांची पुस्तके शिवून, खळ लावून, पुन्हा वाचण्याजोगी करत होते. कोणी म्हणेल ही सबब आहे. ज्या मुलींनी ती शिवलेली पुस्तके नेली, त्यांच्याकडे पाहता मला तसे वाटत नाही. तरीही ती न लिहिलेली कादंबरी मला सलते, आणि तुझ्या हाताला लिहिण्याचे वळण आहे हे तुझ्या पत्रावरून दिसते, एवढे नोंदवून पुढे जाते.

कादंबरी नसली तरी आपल्याकडे लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' आहेत, आणि तू ती शाळेच्या धड्यापलीकडे वाचली नाहीस याचा मला खरोखर राग आला. त्यांचे पती, कवी नारायण वामन टिळक यांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला तेव्हा लक्ष्मीबाई कोसळल्या. काही वर्षे त्या वेगळ्या राहिल्या. परत आल्या तेव्हाही त्यांचे सोवळे बरोबर आले, आणि टिळकांनी ते पाळू दिले. ते तापट होते, पैसा त्यांच्या हातात ठरत नसे, घरात भांडणे होत. लक्ष्मीबाईंनी यातले काहीही वगळलेले नाही. त्यांनी १९०० साली बाप्तिस्मा घेतला तो स्वतःच्या विचाराने आणि स्वतःच्या वेळी. क्लार्कची पडवी ज्याला कळली त्याला टिळकांच्या घरातले ते वेगळे राखलेले पाणी कळेल.

आता तो मुलगा. तू त्याच्याविषयी सहा ओळी लिहिल्या आहेस: पगार, उंची, कमी बोलतो, विनोद करत नाही, आईचे ऐकतो असे वाटते. आणि त्यात एक ओळ अशी आहे की त्याच्या काकांनी "लग्नानंतर पुण्यातली नोकरी सोडावी लागेल" असे म्हटले तेव्हा तो म्हणाला, "ते तिला विचारा," आणि तू उत्तर देईपर्यंत थांबला. ही ओळ तू कंटाळवाण्या गोष्टींच्या यादीत घातली आहेस! भरल्या बैठकीत, वडीलधाऱ्यांसमोर, आपल्या बाजूचे माणूस बोलत असताना ज्याने तुझ्या उत्तरासाठी जागा केली, त्याच्यात तुला पुस्तकातले काही दिसले नाही, तर तू पुस्तके कशी वाचलीस?

मी तुला होकार दे असे सांगत नाही. एका वाक्यावर लग्न करू नये, आणि बैठकीत चांगले वागणारे घरात कसे वागतात हे बैठकीत कळत नाही. त्याला आणखी दोनदा भेट, आणि शक्य झाले तर जिथे त्याला गैरसोय होईल अशा ठिकाणी भेट: दवाखान्यात, उशिरा सुटणाऱ्या बसच्या थांब्यावर, त्याच्या घरच्या स्वयंपाकघरात. तू 'नाही' म्हटल्यावर त्याचा चेहरा काय करतो ते पाहा. प्रार्थनेविषयी तो काय बोलतो यापेक्षा प्रार्थनेनंतर तो घरातल्या कामवालीशी कसे बोलतो ते ऐक. अपेक्षा कमी कर असे तुला संघात सांगितले गेले. मी सांगते, ती तशीच ठेव, फक्त ती ज्या गोष्टीची आहे ती गोष्ट ओळख. आणि आणखी दोन भेटींनंतरही उत्तर 'नाही' असेच आले, तर तुझ्या आईशी मी बोलेन. ते काम माझ्यावर सोड.

'स्मृतिचित्रे'ची आमची प्रत एका बाईंकडे गेली आहे, ती पुढच्या रविवारी परत येईल आणि मी ती तुझ्यासाठी बाजूला ठेवीन. तोपर्यंत 'लव्ह कम्स सॉफ्टली' पुन्हा वाच, आणि या वेळी क्लार्क जे जे करू शकला असता पण करत नाही, ते पेन्सिलीने वहीत उतरवून काढ. पुस्तकावर खुणा करू नकोस. ते तुझ्यानंतर दुसरीला जायचे आहे.

तुझी,
बाई