शंका-समाधान : नव्या कर्नलवर जुने प्रोग्रॅम

विंडोज १०ची मोफत सेवा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली. तेव्हापासून संगणक बदलणाऱ्या वाचकांची पत्रे वाढली आहेत आणि त्यांतील बहुतेकांची तक्रार एकच आहे : यंत्र वेगवान झाले, पण वर्षानुवर्षे बिनबोभाट चालणारा प्रोग्रॅम मात्र उघडेनासा झाला. असे चार प्रश्न या वेळी घेतले आहेत.

प्रश्न : आमच्या पतसंस्थेची ठेव व कर्जखाती डॉसवरील फॉक्सप्रोमध्ये लिहिलेल्या प्रोग्रॅमवर आहेत. जुना संगणक बंद पडल्यावर विंडोज ११ असलेला नवा घेतला. सगळा फोल्डर जसाच्या तसा आणला, तरी ‘हे अ‍ॅप तुमच्या पीसीवर चालू शकत नाही’ अशा अर्थाची चौकट येते. संगणक बसवून देणारा मुलगा म्हणतो की ‘कम्पॅटिबिलिटी मोड’ लावला की काम होईल. तसे होईल का? (सातारा जिल्ह्यातील एका पतसंस्थेचे सचिव)

उत्तर : होणार नाही. त्या चौकटीवर टिचक्या मारण्यात आणखी वेळ घालवू नये. विंडोजमधील ती सोय प्रोग्रॅमला फक्त आवृत्तीचा क्रमांक जुना सांगते आणि तत्सम काही किरकोळ बाबी सांभाळून घेते. आपली अडचण त्याच्या बरीच खाली, प्रोसेसरच्या पातळीवर आहे.

डॉस ही विंडोजच्या आधीची प्रणाली. तिचा प्रोग्रॅम संपूर्ण यंत्र आपलेच आहे असे समजून लिहिलेला असतो. १९८५ साली आलेल्या ८०३८६ या प्रोसेसरमध्ये इंटेलने ‘व्हर्च्युअल ८०८६’ नावाची एक अवस्था ठेवली होती. तिच्यामुळे ३२ बिटचे कर्नल (विंडोजसारख्या प्रणालीचा यंत्र सांभाळणारा गाभा) अशा प्रोग्रॅमला जणू एक स्वतंत्र छोटा ८०८६, म्हणजे डॉसच्या काळातला इंटेलचा प्रोसेसर, देऊ शकत असे आणि त्याने मर्यादा ओलांडली की लगाम स्वतःच्या हाती घेत असे. ३२ बिट विंडोजमधील ‘एनटीव्हीडीएम’ हा भाग याच सोयीवर उभा होता. पुढे एएमडीने ६४ बिटची रचना आखली आणि २००३ साली ऑप्टेरॉन या प्रोसेसरच्या रूपाने ती बाजारात आणली, तेव्हा ६४ बिट कर्नल चालू असताना वापरता येणाऱ्या अवस्थांमधून ‘व्हर्च्युअल ८०८६’ वगळली. ३२ बिटच्या प्रोग्रॅमसाठी दार उघडे राहिले, डॉससाठी मात्र ते बंद झाले. म्हणून ६४ बिट विंडोजमध्ये एनटीव्हीडीएम नाही. विंडोज १०ची ३२ बिट आवृत्ती निघत होती, तोवर पळवाट शिल्लक होती. विंडोज ११ केवळ ६४ बिटमध्येच येते.

आता उपाय. प्रोसेसर जे करत नाही ते सॉफ्टवेअरकडून करून घ्यावे लागते, म्हणजे ८०८६ची प्रत्येक आज्ञा वाचून तिची नक्कल करणारा प्रोग्रॅम वापरावा लागतो. डॉसबॉक्स सर्वांना ठाऊक आहे, परंतु तो मुख्यतः खेळांसाठी लिहिलेला असून त्याच्या मूळ आवृत्तीत छपाईची सोय नाही. पासबुक आणि खतावणी छापायची असल्यामुळे आपण डॉसबॉक्स-एक्स किंवा व्हीडॉस वापरून पाहावा. आजच्या प्रोसेसरवर नक्कलही पतसंस्थेच्या कामाला पुरून उरेल इतकी वेगवान असते. मात्र दोन गोष्टी आधी तपासाव्यात. एकाच डेटावर दोन टेबलांवरील संगणकांवरून काम होत असेल, तर फाइल-लॉकिंग (एकजण नोंद बदलत असताना दुसऱ्याला थांबवणे) नीट होते की नाही ते एखाद्या सुटीच्या दिवशी, डेटाची प्रत घेऊन, त्या प्रतीवर पाहावे. आणि सभासदांची नावे मराठीत दिसण्यासाठी जुन्या यंत्रात सी-डॅकचे ‘जिस्ट’ कार्ड बसवलेले असेल, तर आकडे बरोबर दिसतील, पण नावांच्या जागी विचित्र चिन्हे येतील, कारण ती अक्षरे ते कार्ड काढत होते. त्यात डेटा बिघडल्याचे समजू नये. तो ‘इस्की’ संकेतात सुरक्षित असतो आणि त्याचे युनिकोडमध्ये रूपांतर करता येते.

हे सगळे करताना डीबीएफ फाइली (फॉक्सप्रो ज्यांत खाती साठवतो त्या) आजच लिबरऑफिस कॅल्कमध्ये उघडून पाहाव्यात. त्या तेथे उघडतात. प्रोग्रॅम गेला तरी चालेल, खाती जाता कामा नयेत.

प्रश्न : माझा छापखाना आहे. पानांची मांडणी करणारा पेजमेकर ७ नव्या ६४ बिट संगणकावर चालतो, पण जुने मराठी फॉन्टचे पॅकेज ‘डोंगल सापडत नाही’ असे सांगते. डोंगल, म्हणजे परवान्याची ती छोटी खुंटी, तर लावलेलाच आहे. पेजमेकर चालतो आणि हे चालत नाही, हे कसे? दोन्ही ३२ बिटचेच आहेत. (कोल्हापूर)

उत्तर : आपले निरीक्षण अचूक आहे. ३२ बिटचा प्रोग्रॅम ६४ बिट विंडोजवर नक्कल न करता थेट प्रोसेसरवरच चालतो. प्रत्येक प्रोग्रॅमच्या कोडला एक निवड-क्रमांक असतो. तो सोळाच्या पायात २३ असेल, तर प्रोसेसर आज्ञांचा अर्थ ३२ बिटच्या नियमांनी लावतो आणि ३३ असेल, तर ६४ बिटच्या. प्रोग्रॅमला कर्नलकडून काही हवे असले, की ‘वाव६४’ हा मधला थर २३ वरून ३३ वर उडी मारतो, चार बाइटचे पत्ते (मेमरीतील जागांचे क्रमांक) आठ बाइटचे करून मागणी पुढे पाठवतो आणि उत्तर घेऊन परततो. पेजमेकरला या देवघेवीचा पत्ताही लागत नाही. (या थराच्या लायब्रऱ्यांची मांडणी पाहून मात्र कपाळाला हात लागतो : ६४ बिटच्या फाइली ‘सिस्टिम३२’ या फोल्डरमध्ये आणि ३२ बिटच्या ‘सिसवाव६४’मध्ये. जुन्या प्रोग्रॅमांत ‘सिस्टिम३२’ हे नाव जागोजागी लिहिलेले असल्यामुळे ते बदलण्याचे धाडस झाले नाही.)

डोंगलचे तसे नाही. त्याच्याशी बोलणारा ड्रायव्हर (उपकरण चालवणारा छोटा प्रोग्रॅम) कर्नलच्या आत, त्याच्याच पत्त्यांच्या जागेत राहतो आणि तेथे दुभाष्याला जागा नसते. कर्नल ६४ बिटचे, तर ड्रायव्हरही ६४ बिटचाच हवा. शिवाय ६४ बिट विंडोज विस्टापासून त्यावर डिजिटल सहीही लागते. आपल्या पॅकेजबरोबर आलेला ड्रायव्हर ३२ बिटचा असल्यामुळे तो आत शिरलाच नाही आणि म्हणून लावलेला डोंगलही कोणाला दिसत नाही.

प्रथम डोंगल कोणी बनवला आहे ते त्याच्या अंगावर पाहावे. फॉन्ट-पॅकेजवाले आणि डोंगलवाले बहुधा वेगळे असतात आणि डोंगल बनवणाऱ्यांनी पुढे ६४ बिटचा ड्रायव्हर काढलेला असू शकतो. तो नसेल, तर व्हर्च्युअल मशीनमध्ये (सॉफ्टवेअरने संगणकाच्या आत उभ्या केलेल्या दुसऱ्या संगणकात) परवानाधारक ३२ बिट विंडोज बसवून यूएसबी डोंगल त्या आतल्या यंत्राकडे सोपवावा. तेथील कर्नल ३२ बिटचे असल्यामुळे जुना ड्रायव्हर मुकाट्याने चालतो. डोंगल प्रिंटरच्या जुन्या पंचवीस पिनांच्या पोर्टचा असेल, तर या मार्गाची फारशी आशा धरू नये. आमच्याही कार्यालयात अशाच एका डोंगलसाठी एक जुना संगणक कोपऱ्यात जपून ठेवला आहे. त्याला इंटरनेट जोडलेले नाही आणि त्याच्यावर फक्त जुने अंक उघडले जातात. यात कमीपणा काही नाही.

प्रश्न : मी अभियांत्रिकीचा विद्यार्थी आहे. प्रयोगशाळेतील जुना ३२ बिट प्रोग्रॅम माझ्या ६४ बिट डेबियन लिनक्सवर चालवला, तर ‘अशी फाइल वा डिरेक्टरी नाही’ असा संदेश येतो. फाइल समोर दिसते आहे आणि तिला चालवण्याची परवानगीही आहे. कर्नल खोटे बोलते का? (पुणे)

उत्तर : कर्नल खरे बोलते, पण कोणत्या फाइलविषयी ते सांगत नाही. आपल्या प्रोग्रॅमच्या आत ‘मला आधी या लोडरकडे (प्रोग्रॅम व त्याच्या लायब्रऱ्या मेमरीत आणणाऱ्या फाइलीकडे) द्या’ अशी एक नोंद असते आणि ३२ बिटसाठी त्या लोडरचे नाव ‘एलडी-लिनक्स.एसओ.२’ असे असते. हरवली आहे ती ही फाइल. ‘रीडएल्फ’ ही आज्ञा चालवून पाहावे : फाइलच्या पहिल्या चार बाइटनंतरचा पाचवा १ असेल, तर ती ३२ बिटची असते आणि २ असेल, तर ६४ बिटची, लोडरचा मार्गही तेथेच लिहिलेला दिसेल. उपाय सोपा आहे. पॅकेजे बसवणाऱ्या ‘डीपीकेजी’ला आय३८६ (३२ बिट इंटेल) हे जादा आर्किटेक्चर जोडण्यास सांगावे, पॅकेजांची यादी ताजी करावी, आय३८६साठीचे ‘लिबसी६’ (सी भाषेची मूळ लायब्ररी) बसवावे आणि मग एकेक राहिलेली लायब्ररी त्याच पद्धतीने मागवावी.

संदेश ‘एक्झेक फॉरमॅट एरर’ असा असता, तर गोष्ट वेगळी होती. तेव्हा कर्नलमध्येच ३२ बिटची सोय बंद असण्याची शक्यता असते. ही सोय ऐच्छिक आहे आणि लिनक्स कर्नलच्या ६.७ या आवृत्तीपासून ती संगणक सुरू करतानाही चालू वा बंद ठेवता येते. ती बंद ठेवण्याची इच्छा का होते, हे पाहण्यासाठी एक उदाहरण पुरे. प्रोग्रॅम कर्नलकडे जी मागणी करतो तिला सिस्टिम कॉल म्हणतात. ३२ बिटच्या तक्त्यात सिस्टिम कॉल क्रमांक १ म्हणजे प्रोग्रॅम संपवणे आणि ४ म्हणजे लिहिणे. ६४ बिटच्या तक्त्यात १ म्हणजे लिहिणे आणि संपवण्याचा क्रमांक ६०. असे दोन स्वतंत्र तक्ते, दोन प्रवेशद्वारे आणि लहान-मोठ्या मापाच्या रचनांची अदलाबदल, हे सर्व कोणाला तरी सांभाळावे लागते. त्यात फट राहिली की सुरक्षेला भगदाड पडते. २०१४ साली लिनक्सच्या ६४ बिट कर्नलमध्ये १६ बिटचे सेगमेंट (जुन्या कोडसाठीचे मेमरीचे तुकडे) काही काळ बंद केले गेले होते ते याच कारणासाठी : त्या कोडकडे परतताना प्रोसेसर स्टॅकच्या (तात्पुरत्या नोंदींच्या जागेच्या) पत्त्याचे फक्त खालचे १६ बिट बदलतो आणि वरच्या बिटांतून कर्नलचा पत्ता बाहेर कळतो. वाइनवर (लिनक्सवर विंडोजचे प्रोग्रॅम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवर) जुने १६ बिटचे विंडोज प्रोग्रॅम चालवणाऱ्यांनी तक्रार केल्यावर त्यावर वेगळी तोड काढण्यात आली.

प्रश्न : एआरएम प्रोसेसरचा लॅपटॉप स्वस्तात मिळतो आहे. छापखान्यासाठी घ्यावा का? (कोल्हापूर, वरील पत्राचाच पुढचा भाग)

उत्तर : घेऊ नये. तेथे ३२ बिट इंटेलच्या आज्ञा प्रोसेसरला मुळात कळतच नाहीत. विंडोज त्यांचे भाषांतर करून देते आणि पेजमेकर कदाचित चालेलही, परंतु ड्रायव्हर मात्र एआरएम ६४साठीच लिहिलेला हवा आणि आपल्या डोंगलसाठी तो निघाला असण्याची शक्यता फार कमी आहे. तेथील व्हर्च्युअल मशीनमध्येही इंटेलचे ३२ बिट विंडोज थेट बसत नाही. अ‍ॅपलच्या लॅपटॉपचा विचार असेल, तर मॅकओएसने ३२ बिटचे प्रोग्रॅम २०१९ साली कॅटालिनापासूनच बंद केले आहेत. इंटेल किंवा एएमडीचे यंत्र घ्यावे आणि पैसे देण्यापूर्वी डोंगल व इन्स्टॉलरची सीडी घेऊन दुकानात जावे. सीडी वाचणारा ड्राइव्हही सोबत न्यावा. नव्या यंत्रात तो नसतो.