बुडबुड्यांच्या पाण्यात उतरण्याआधी

प्रश्न : माझे सासरे ६८ वर्षांचे आहेत, मधुमेह बराच जुना. थोडं चाललं की त्यांची उजवी पोटरी दुखून येते, दोन मिनिटं उभं राहिलं की थांबते. माझे दीर जर्मनीत असतात. तिथल्या कार्बन डायऑक्साइडयुक्त खनिज झऱ्याच्या स्नानांनी पायांच्या रक्तवाहिन्या मोकळ्या होतात, असं ते म्हणतात आणि बाबांना तीन आठवडे तिकडे नेणार आहेत. हे खरं आहे का? न्यावं का?

उत्तर : रक्तवाहिन्या मोकळ्या होत नाहीत, हे आधीच सांगते. पुढचं वाचून तुमची आशा वाढेल आणि ती योग्य जागी असावी, अशी माझी इच्छा आहे. धमनीच्या आत चरबी आणि कॅल्शियम साचून झालेला अडथळा कुठल्याही पाण्याने विरघळत नाही.

तरीही या स्नानाचा परिणाम खरा आहे. पाण्यात विरघळलेला हा वायू त्वचेतून सहज आत शिरतो आणि तिथल्या बारीक रक्तवाहिन्या रुंदावतो. शिवाय, जिथे कार्बन डायऑक्साइड वाढतो तिथे रक्तातलं हिमोग्लोबिन आपल्याजवळचा ऑक्सिजन जास्त सहजपणे सोडून देतं. डेन्मार्कचे शरीरशास्त्रज्ञ ख्रिश्चन बोर यांनी हे १९०४ मध्ये दाखवून दिलं. म्हणजे त्वचेकडे रक्त जास्त येतं आणि आलेल्या रक्तातून ऑक्सिजनही जास्त उतरतो.

मला यातली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते ती पाण्याच्या तापमानाची. रक्ताभिसरण कमी असलेला पाय गरम पाण्यात घातला, तर पेशींची ऑक्सिजनची भूक वाढते आणि पुरवठा मात्र तेवढा वाढू शकत नाही. म्हणून अशा रुग्णांना मी गरम पाण्याचा शेक कधीच घेऊ देत नाही. कार्बन डायऑक्साइडचं स्नान ३३-३४ अंश सेल्सियसला, म्हणजे कोमट पाण्यातच, रक्तवाहिन्या रुंदावतं. उष्णतेचा भार न टाकता रक्तपुरवठा वाढतो, हा त्याचा खरा फायदा. पाणी फार तापवलं तर वायूच उडून जातो. शुद्ध वायू हवेच्या नेहमीच्या दाबाला असेल, तर तो एक लिटर पाण्यात २५ अंशांना सुमारे दीड ग्रॅम मावतो, ४० अंशांना जेमतेम एक. म्हणून स्नानगृहात चौकशी करताना बुडबुडे किती दिसतात हे विचारू नका, विरघळलेला वायू किती हे विचारा. जपानमध्ये उपचारासाठीचा कार्बन डायऑक्साइड झरा म्हणवून घ्यायला एक किलो पाण्यात किमान १००० मिलिग्रॅम वायू लागतो. घरच्या बादलीत टाकायच्या फसफसणाऱ्या गोळ्यांनी एवढी मात्रा गाठली जात नाही. त्यांच्यावर पैसे घालवू नका.

पायांच्या रक्तवाहिन्यांच्या आजारावर या स्नानाचे अभ्यास झाले आहेत. त्यांत त्वचेतला ऑक्सिजन वाढल्याचं आणि काही रुग्णांचं चालण्याचं अंतर वाढल्याचं दिसलं. पण बहुतेक अभ्यास लहान आहेत, आणि स्नानानंतर वाढलेलं रक्ताभिसरण फार काळ टिकत नाही. म्हणूनच हे उपचार आठवड्यातून अनेकदा, काही आठवडे देतात.

आता सासऱ्यांबद्दल. चालताना दुखणारी आणि थांबल्यावर शांत होणारी पोटरी हे रक्तवाहिन्यांच्या आजाराचं अगदी ठळक लक्षण आहे. अशा माणसाच्या हृदयाच्या आणि मेंदूच्या धमन्याही बहुधा याच वाटेवर असतात. मला काळजी त्याची आहे, पोटरीची कमी. तिकीट काढण्याआधी घोट्याचा आणि दंडाचा रक्तदाब मोजून त्यांचं गुणोत्तर काढून घ्या. याला अँकल-ब्रेकियल इंडेक्स म्हणतात. सुई नाही, दुखणं नाही. ०.९ पेक्षा कमी आलं तर आजार आहे. मात्र मधुमेहात धमन्या कडक झाल्यामुळे हा आकडा फसवा, म्हणजे चांगला किंवा फारच जास्त येऊ शकतो. अशा वेळी पायाच्या अंगठ्याचा दाब मोजायला सांगा. डॉक्टर विसरले तर तुम्ही आठवण करा, त्यात संकोच कसला!

त्यांच्यासाठी सर्वांत परिणामकारक उपचार म्हणजे चालणं. दुखेपर्यंत चालायचं, थांबायचं, शमलं की पुन्हा चालायचं. आठवड्यातून किमान तीन दिवस, अर्धा ते पाऊण तास, आणि निदान तीन महिने. तंबाखू कुठल्याही रूपात असेल तर ती पूर्ण बंद. कोलेस्टेरॉलच्या आणि रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या डॉक्टरांनी दिल्या असतील तर त्या प्रवासातही चुकवायच्या नाहीत. स्नान यांच्या जोडीला चालेल, यांच्या जागी नाही.

रात्री झोपेत पाय दुखत असेल, बोट काळं पडलं असेल किंवा जखम भरत नसेल, तर जर्मनी राहू द्या आणि त्याच आठवड्यात रक्तवाहिन्यांच्या शल्यचिकित्सकाकडे जा. तसं काही नसेल, हृदय स्थिर असेल आणि तिथले डॉक्टर तपासून हो म्हणाले, तर खुशाल न्या. पण दोन गोष्टींवर लक्ष ठेवा. या पाण्यात त्वचेला गारवा कमी जाणवतो आणि पाणी आहे त्याहून दोनेक अंश गरम वाटतं. त्यात मधुमेहाने तळपायांची संवेदना कमी झालेली असेल, तर त्यांच्या अंदाजावर विसंबू नका, थर्मामीटर लावा. आणि बाहेर आल्यावर बोटांच्या बेचक्या कोरड्या करून तळपाय नीट पाहा.

प्रश्न : अशाच एका झऱ्यात मी पंधरा मिनिटं बसले. बाहेर आले तेव्हा कंबरेखाली सगळी लाल, वर मात्र नेहमीसारखी. मध्ये आखल्यासारखी रेघ! ही ॲलर्जी आहे का?

उत्तर : खाज, गांधी किंवा सूज नसेल तर नाही. वायू ज्या त्वचेला भिडला तिथेच रक्तवाहिन्या रुंदावल्या, म्हणून पाण्याच्या पातळीवर रेघ उमटली. थोड्या वेळात ती जाते. पाणी पुरेसं कसदार होतं याची ती खूण समजा. पुढच्या वेळी फार हालचाल न करता बसा. कातडीला चिकटलेले बुडबुडे झटकले जाणार नाहीत.

प्रश्न : वडिलांना सीओपीडी, म्हणजे श्वासनलिका अरुंद करणारा फुप्फुसांचा जुनाट आजार आहे. पायांसाठी म्हणून त्यांना या स्नानाला नेलं तर?

उत्तर : नेऊ नका. हा वायू हवेपेक्षा सुमारे दीडपट जड असतो, त्यामुळे पाण्यातून सुटला की पृष्ठभागावरच थर धरून राहतो, आणि टबात बसलेल्या माणसाचं नाक त्याच्या अगदी जवळ असतं. निरोगी माणूस चांगल्या हवेशीर खोलीत हे सहज सोसतो. ज्यांची फुप्फुसं आधीच कार्बन डायऑक्साइड नीट बाहेर टाकू शकत नाहीत, त्यांच्यासाठी तेवढीही भर धोक्याची आहे. श्वासाच्या हवेत याचं प्रमाण पाच टक्क्यांच्या पुढे गेलं तर धडधाकट माणसालाही धाप लागते, डोकं दुखतं. दहा टक्क्यांच्या आसपास शुद्ध हरपते. नुकताच हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्यांना, हृदय अशक्त होऊन दम लागणाऱ्यांना आणि ताप असलेल्यांनाही माझं उत्तर नाही असंच आहे.

बाकी कुणीही जाणार असेल तरी टबावर हवा खेळती आहे ना, हे आधी पाहा. हनुवटी पाण्यापासून वर ठेवा, एकटे बसू नका. पाण्यात कितीही सुख वाटलं तरी डोळा लागू देऊ नका. डोकं जड झालं तर लगेच उभं राहून बाहेर या.