फाळणीतले निर्वासित स्थिरावले, मग पॅलेस्टिनी लोक अजून परतीचा हक्क का मागतात? आणि मोर्चे काढून होतं काय?

फाळणीशी तुलना बरेच जण करतात, म्हणून आधी तेच घेते. आपलं उल्हासनगर बघा, सिंधमधून आलेल्या लोकांना कल्याणजवळच्या लष्करी छावणीत आणून ठेवलं होतं, आजही तिथे पत्ता सांगताना कॅम्प नंबर सांगतात. त्या लोकांचं दुःख छोटं नव्हतं, सिंध कायमचा सुटला तो सुटलाच. पण त्यांना इथलं नागरिकत्व मिळालं, मत मिळालं, मागे राहिलेल्या मालमत्तेचे क्लेम भरता आले आणि 1954 च्या कायद्याने थोडीफार भरपाईही मिळाली. लेबनॉनमधल्या पॅलेस्टिनी कॅम्पात आज चौथी पिढी आहे, त्यांना तिथलं नागरिकत्व नाही, कितीतरी व्यवसाय करायला बंदी आहे आणि 2001 पासून घर-जमीन नावावर करता येत नाही. आता जॉर्डनने बहुतेकांना नागरिकत्व दिलंय हे खरं, पण तिथले लोकही परतीचा हक्क मागतातच, कारण दुसरीकडे पासपोर्ट मिळाला म्हणून आपल्या घरावरचा हक्क का जावा?

1948 मध्ये इस्रायल स्थापन होतानाच्या युद्धात सात लाखांवर पॅलेस्टिनी लोक घराबाहेर पडले किंवा काढले गेले, चारशेहून जास्त गावं रिकामी झाली, यालाच ते नकबा, म्हणजे अरबीत महासंकट, म्हणतात. त्याच वर्षी 11 डिसेंबरला संयुक्त राष्ट्रांच्या महासभेने ठराव 194 केला की ज्यांना घरी परतून शेजाऱ्यांबरोबर शांततेत राहायचंय त्यांना परतू द्यावं आणि ज्यांना नको त्यांना भरपाई द्यावी. म्हणजे ही मागणी कुणी काल-परवा शोधून काढलेली नाही. पण 1950 मध्ये इस्रायलने कायदा करून या 'गैरहजर' लोकांची मालमत्ता ताब्यात घेतली आणि त्याच वर्षी जगातल्या कुठल्याही ज्यू माणसाला तिथे येऊन राहण्याचा हक्क देणारा कायदाही केला. आपल्या मुंबई-कोकणातले बेने इस्रायली, म्हणजे मराठी बोलणारे ज्यू, याच कायद्याने तिकडे गेले, लोद, रामला, बीरशेबा अशा गावांतही त्यांची वस्ती झाली, आणि लोद-रामलातून जुलै 1948 मध्ये पन्नास हजारांवर पॅलेस्टिनींना हाकलून दिलेलं होतं. यात बेने इस्रायलींना मी अजिबात दोष देत नाही, ते नंतर गेले आणि त्यांनाही तिथे भेदभाव सोसावा लागला, पण मराठी बोलणारी माणसं ज्या गल्ल्यांत राहायला गेली तिथे आधी कोण राहत होतं हे आपल्याला माहीत तरी असावं.

आता मोर्चांनी काय होतं. मला इक्रितचं उदाहरण सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, कारण तिथे 'सुरक्षेचं काय', 'हे तर शत्रू' हे सगळे मुद्दे गळून पडतात. लेबनॉनच्या सीमेजवळचं ख्रिश्चन पॅलेस्टिनींचं गाव. नोव्हेंबर 1948 मध्ये सैन्याने सांगितलं की दोन आठवड्यांसाठी बाहेर जा, मग परत या. लोक गेले, ते इस्रायलचे नागरिकच झाले, आणि परत येऊ देईनात तेव्हा कोर्टात गेले. जुलै 1951 मध्ये सुप्रीम कोर्टाने त्यांच्या बाजूने निकाल दिला! आणि त्याच वर्षी ख्रिसमसला सैन्याने अख्खं गाव स्फोटकांनी उडवलं, फक्त चर्च आणि दफनभूमी ठेवली. 1972 मध्ये गोल्डा मेयर सरकारने नकार दिला, 2003 मध्ये कोर्टानेही याचिका फेटाळली. मेलेल्या माणसाला तिथे पुरायची परवानगी आहे, जिवंत माणसाला राहायची नाही. तरी गावकऱ्यांनी नाद सोडला नाही. चर्चमध्ये प्रार्थना, उन्हाळ्यात मुलांची शिबिरं, आणि 2012 मध्ये तर तिसऱ्या पिढीतली पोरं चर्चशेजारी जाऊन राहायलाच लागली, त्यांनी लावलेली झाडं आणि भाज्या अधिकाऱ्यांनी उपटल्या तरी ती पाळीपाळीने राहत राहिली.

माझ्या लक्षात आलेली गोष्ट हीच, ही चळवळ पुढाऱ्यांनी टिकवलेली नाही, ती गावागावाच्या लोकांनी टिकवलीय. दुबईत नोकरीला असताना माझ्या ऑफिसात एक सहकारी होते, सीरियात दमास्कसच्या यारमूक या पॅलेस्टिनी कॅम्पात वाढलेले, मूळ गाव लूबिया, 1948 मध्ये रिकाम्या झालेल्या गावांपैकीच एक. ते गाव त्यांनी जन्मात पाहिलेलं नव्हतं पण कुणाचं शेत कुठे, विहीर कुठे हे ते कागदावर काढून दाखवायचे, वडिलांकडून शिकलेले. लूबियाच्या जागी आता दक्षिण आफ्रिकेतल्या ज्यूंच्या देणग्यांतून उभं राहिलेलं जंगल आहे (त्यातल्या काहींनी नंतर तिथे जाऊन माफीही मागितली). 1998 पासून इस्रायलमध्येच राहिलेले विस्थापित पॅलेस्टिनी जवळजवळ दरवर्षी इस्रायलच्या स्वातंत्र्यदिनी उद्ध्वस्त झालेल्या एखाद्या गावी मोर्चा नेतात, आणि तोच दिवस का, तर पूर्वी इस्रायलमधल्या पॅलेस्टिनींवर लष्करी अंमल होता तेव्हा त्यांना फिरायलाही परमिट लागायचं, त्या एका दिवशी सूट असायची तेव्हा लोक आपलं जुनं गाव बघून यायचे. 2014 चा मोर्चा लूबियाला होता, हजारो लोक होते, पोरंबाळं घेऊन.

गाझातल्या साधारण 70 टक्के लोकांची मूळ घरं कुंपणापलीकडे, आजच्या इस्रायलमध्ये आहेत. 2018 मध्ये अहमद अबू अर्तेमा या लेखकाच्या फेसबुक पोस्टवरून तिथे मोर्चे सुरू झाले, 30 मार्चपासून दर शुक्रवारी, तंबू टाकून. त्यात इस्रायली सैन्याकडून दोनशेच्या वर लोक मारले गेले, बहुतेक गोळ्यांनी, रझान अल-नज्जार ही 20-21 वर्षांची नर्सिंगचं काम करणारी मुलगी त्यातलीच. शांततेने का मागत नाहीत असं विचारणाऱ्यांनी हे वर्ष नीट वाचावं असं मला मनापासून वाटतं.

दुसरी बाजूही आहे. इराक, येमेन, इजिप्तमधून लाखो ज्यूंनाही घरंदारं सोडावी लागली, त्यांचा हक्कही खराच आहे, आणि आपण अल्पसंख्य होऊ ही इस्रायली लोकांची भीतीही खोटी नाही. पण बगदादच्या ज्यू माणसाचं घर गेलं त्याची भरपाई लूबियाच्या शेतकऱ्याने का करायची? सलमान अबू सित्ता नावाचे संशोधक आहेत, स्वतः दहा वर्षांचे असताना बीरशेबाजवळच्या गावातून विस्थापित झालेले, त्यांनी आयुष्यभर नकाशे करून दाखवलंय की उद्ध्वस्त गावांच्या बऱ्याचशा जमिनीवर आजही विरळ वस्ती आहे, कुणाला न उठवताही परतणं जमेल. ही गावं पुन्हा कशी बांधायची यावर ते आर्किटेक्चर शिकणाऱ्या पॅलेस्टिनी मुलांच्या स्पर्धा घेतात. हे किती शक्य आहे यावर वाद घाला, पण निदान आकडे आणि नकाशे समोर ठेवून घाला.

सगळे 59 लाख नोंदलेले निर्वासित उद्या बॅगा भरून निघतील असं कुणीच म्हणत नाही, ठराव 194 मध्ये भरपाईचा पर्याय आहेच, निवड मात्र त्या कुटुंबाने करायची. माझे ते सहकारी तर म्हणायचे की मी कदाचित जाणार नाही, मुलं इथे शिकतायत, पण विचारा तरी मला.

तुम्हाला खोलात जायचं असेल तर झोख्रोत म्हणून तेल अवीवची संस्था आहे, 2002 पासून इस्रायली ज्यू लोकांनाच ही गावं दाखवायला नेते, त्यांच्या नकाशावर गावाचं नाव टाकलं की तिथे 1948 आधी काय होतं ते कळतं. लोदपासून सुरू करा. अरबी येत नसेल तरी अडत नाही, इंग्रजीत आहे.